डावीकडून तिसरा

“सुहास तेंडोलकर हितंच असतो का?”

मी मान वर न करता “असतो” म्हटलं. समोर कॉलेजच्या वार्षिक अंकाचे गठ्ठे होते आणि मी एकेक अंक उचलून त्याच्या कडा बघत होतो. कटिंग तिरपं गेलेला अंक बाजूला काढायचा, सरळ असेल तो गठ्ठ्यात. त्या वयात मला माणसांपेक्षा कागदाच्या कडा जास्त कळायच्या.

“तूच व्हय?”

आता मी वर पाहिलं. दारात खाकी शर्टातले, पन्नाशीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. जिन्याखालच्या त्या अडगळीच्या खोलीत चपला काढून आलेला हा पहिलाच माणूस.

“मी गुरुपाद बिराजदार. श्रीशैलचा बाप.”

मी उठून उभा राहिलो. खुर्ची एकच होती, ती पुढे केली आणि मी गठ्ठ्यावर बसलो.

श्रीशैल बिराजदार आमच्या वर्गातला. जानेवारीच्या अखेरीस काविळीनं गेला. त्याची श्रद्धांजली अंकात पान सातवर होती. ते पान मी केलं होतं आणि खरं सांगतो, अख्ख्या अंकात ते मला सगळ्यात आवडलं होतं. बारीक काळी चौकट, वर भरपूर मोकळी जागा, खाली नाव आणि दोन ओळी. देवस्थळी सर अंकाचे प्रमुख होते. ते म्हणाले होते, “पान देखणं झालंय हो.” मी आठवडाभर त्या एका वाक्यावर जगलो.

ही गोष्ट शहाण्णव सालची, सांगलीची. मी वेंगुर्ल्याचा. घाट चढून शिकायला आलो तो काय मोठा तीर मारायला, देव जाणे. कॉलेजात मला कुणी नव्हतं. पहिलं वर्ष मी मेसमध्ये, वर्गात, वाचनालयात असा एकटाच फिरलो. बोलायला जावं तर माझं हेल काढून बोलणं ऐकून पोरं हसायची, मग मी बोलणंच सोडलं. दुसऱ्या वर्षी सरांनी वार्षिक अंकाचं काम दिलं आणि त्याबरोबर या खोलीची किल्ली. मला अंकापेक्षा किल्लीचा आनंद झाला होता. संध्याकाळी चार ते सात कुठे जायचं, हा प्रश्न सुटला.

“अंक मिळाला का काका? मी पोस्टानं पाठवला होता.”

“मिळाला की. मीच गावात टपाल वाटतो. माझ्याच पिशवीतनं आला.” त्यांनी पिशवीत हात घातला, पण अंक न काढता एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. “हे त्याच्या आईनं दिलंय. कडक भाकरी नि शेंगाची चटणी. सुहासला द्या म्हणाली.”

“मला?”

“पत्रात तुझं नाव असायचं न्हवं. दसऱ्यापासनं. तिला तू पाठ झालायस.”

मला काहीच उमजेना. श्रीशैल नावाचा मुलगा आपल्या वर्गात आहे, हे मला हजेरीमुळे माहीत होतं. एकशेवीस मुलं, त्यातलं एक नाव. त्याच्याशी मी एक शब्द बोललेलो नव्हतो. आणि हा माणूस सांगतोय की पत्रात माझं नाव असायचं. माझ्या लक्षात आलं ते एवढंच की त्यानं घरी थाप मारली असणार. मित्र नाही म्हणून आईवडिलांपुढे एक मित्र उभा केला असणार. मला त्याची कीव आली. दुसऱ्याची कीव करायला मी अगदी योग्य माणूस होतो.

गेलेल्या पोराची थाप मोडायची कशाला? मी म्हणालो, “हो काका. आम्ही बरोबरच असायचो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी अंक काढला, पान सात उघडलं आणि फोटोवर बोट ठेवलं.

“मग हा कोण?”

मला आधी प्रश्नच कळला नाही.

“हा माझा पोरगा न्हाई,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “कुणाचा हाय ठावं न्हाई. देव त्याला उदंड आयुष्य देवो.”

माझ्या तोंडातून जे आलं ते असं आलं, “प्रेसवाल्यानं घोटाळा केला असणार.”

“व्हय?”

“हो. फोटो बदलला असणार. त्यांच्याकडे खूप कामं असतात.”

ते “हां” म्हणाले. मग हळूच म्हणाले, “त्याच्या आईला अजून दावला न्हाई मी. पोस्टातच फोडला म्हणून बरं झालं. तिला वाचता येत न्हाई बाबा. बाकीचं काय लिवलंय तिला उपयोग न्हाई. तिला फोटोच बघायचाय. रोज इचारती, सुहासनं पान केलं का म्हणून.” त्यांनी खिशातून पाकीट काढून पासपोर्ट साइजचा एक फोटो माझ्या हातात दिला. “हा हाय बघ. हा लावता येतोय का, तेवढं सांग. ह्यो अंक घिऊन मी घरी कसा जाऊ?”

मी फोटो हातात घेतला. बारीक चेहरा, कपाळावर पुसटसं भस्म, कान जरा पुढे आलेले. मी नीट पाहिलं. दोन वर्षं एकाच वर्गात होतो आम्ही, काहीतरी आठवायलाच हवं होतं, कुठला बाक, कुठला शर्ट. काही आठवलं नाही. फोटो पुन्हा पाहिला, तरीही नाही.

“हो, हाच,” मी म्हणालो.

उपाय मला सुचला तो असा. नवा फोटो तेवढ्याच मापात छापून घ्यायचा आणि जुन्या फोटोवर चिकटवायचा. शंभरेक अंक पोस्टानं आणि प्राध्यापकांकडे गेले होते, पण पाचशे अजून खोलीतच होते. शंभर जणांनी ते पान पाहिलं होतं. वर्गावर जाणारे, रोज हजेरी घेणारे प्राध्यापक त्यात होते. एकानंही म्हटलं नव्हतं की हा तो नव्हे.

“मी प्रेसमध्ये जाऊन येतो. तुम्ही इथंच बसा.”

“मी येतो की,” ते म्हणाले आणि चपला घालायला लागले.

आता आली का पंचाईत. खोटं बोलायला अक्कल लागते, ती माझ्याकडे नव्हती. वाटभर मी त्यांना टाळायच्या युक्त्या काढत होतो. काका, ऊन फार आहे. काका, तिथं शाईचा वास येतो. ते आपले मुकाट्यानं बरोबर चालत होते. रोज आठ मैल चालणाऱ्या टपालवाल्याला मी उन्हाची भीती घालत होतो.

अण्णा शेट्यांचा छापखाना गणपती पेठेच्या मागच्या बोळात होता. अण्णा म्हणजे पोट सुटलेला, जाड चष्म्याचा माणूस, तोंडात सतत सुपारी. मी दारातूनच घाईघाईनं सुरुवात केली, “अण्णा, पान सातवरचा फोटो बदलून छापायचाय, पाचशे प्रती, फक्त फोटो, आज हवाय.”

“का? काय झालं त्याला?”

“तो दुसऱ्याचाच लागलाय.”

“लागलाय म्हणजे? झाडाला लागलाय का? तू दिलास तो लावला.” अण्णांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. “आठवतंय की मला. मागच्या वर्षीचा अंक घेऊन आलास, शिबिराच्या ग्रुप फोटोतलं हे मुंडकं मोठं करा म्हणालास. मी म्हटलं, छापलेल्यावरून छापलं की ठिपके येतात, मूळ फोटो आण. तर म्हणालास वेळ नाही.”

मी खाली बघत उभा होतो. गुरुपादकाका माझ्या शेजारी होते.

अण्णा म्हणत होते ते सगळं खरं होतं. श्रद्धांजलीचं पान सरांनी अगदी शेवटी सांगितलं. प्रवेश अर्जावर फोटो असतो, पण ऑफिसातला कारकून म्हणाला, सोमवारी ये. सोमवारपर्यंत ती पानं छापायला मशीनवर चढली असती. मग मी मागच्या वर्षीचा अंक काढला. शिबिराच्या फोटोखाली नावं होती, उभे, डावीकडून. श्रीशैल बिराजदार तिसरा. मी डावीकडून मोजलं, तिसरा चेहरा पेन्सिलीनं चौकोनात घेतला आणि मोकळा झालो. वर्गातल्या कुणाला तरी विचारता आलं असतं, हाच ना तो? पण विचारायचं कुणाला? मी कुणाशी बोलत नव्हतो. आणि मी डावीकडून तीन मोजू शकत होतो.

“तो अंक आहे का रे?” अण्णांनी विचारलं. “आण बघू.”

माझ्या पिशवीत होता. अण्णांनी तो उघडला, चष्मा कपाळावर सारला आणि पान डोळ्याजवळ नेलं. मग हसले.

“अरे शहाण्या, खिसे बघ की.”

“खिसे?”

“शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला असतो? डाव्या. इथं सगळ्यांचे उजव्या छातीवर आहेत. बावीस पोरं काय एकाच उलट्या शिंप्याकडं गेलीवती? फिल्म उलटी लागलीय. मागल्या वर्षी ज्यानं छापलं त्यानं उलटी लावली नि नावं आपली सरळ ठेवली. तुझा डावीकडून तिसरा म्हणजे खरा उजवीकडून तिसरा.”

काकांनी पुढे होऊन अंक हातात घेतला. त्यांचं बोट उजवीकडून मोजत गेलं नाही, ते सरळ एका चेहऱ्यावर जाऊन थांबलं. “हा बघा. हा माझा,” ते अण्णांना म्हणाले. तेव्हा अण्णांना कळलं की हे कोण. त्यांनी सुपारी थुंकली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाले, “बसा पाव्हणं. दोन तासांत देतो. बाकीची कामं राहू द्यात.”

आज मी पोटासाठी पानंच करतो. पुण्यात, एका प्रकाशनाकडे. कुठलाही फोटो हातात आला की आधी खिसा बघतो, मग मुलगा कोण ते विचारतो, आणि एकाला विचारून थांबत नाही. माझ्या हाताखालची मंडळी वैतागतात. वैतागू देत.

ज्याचा चेहरा मी काळ्या चौकटीत घातला तो मुलगा बी. ए. होऊन आदल्या वर्षीच गेला होता. म्हणून बोंब झाली नाही, एवढंच.

तीन वाजता आम्ही पाचशे फोटो घेऊन खोलीत परत आलो. मी डिंकाची बाटली काढली. काकांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि मांडी घालून बसले. मी जुन्या फोटोवर डिंक लावायचा, त्यांनी नवा ठेवून तळहातानं दाबायचा, असं ठरलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. जन्मभर तिकिटं चिकटवलेला हात. एकही फोटो वाकडा गेला नाही.

मध्येच थांबून त्यांनी पुरचुंडी सोडली. “खा. सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस, तोंडावरनं दिसतंय.”

मी भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला. त्या बाईनं आपल्या मुलाच्या मित्रासाठी शेंगा कुटल्या होत्या, आणि मी कोण होतो? मी भाकरी खाली ठेवली.

“काका, मी खोटं बोललो. प्रेसवाल्याची काही चूक नव्हती.”

“ऐकलं की मी.”

“तेवढंच नाही. मी श्रीशैलला ओळखत नव्हतो. एकदाही बोललो नाही त्याच्याशी. तुम्ही फोटो दिलात तरी मला आठवला नाही तो.” आणि मग मला रडू आलं. मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी गेलो असतो तर माझ्याही चौकटीत कुणीतरी दुसराच बसला असता, हे मला दुपारपासून खात होतं.

काकांनी हातातला फोटो दाबून बसवला, अंक मिटला आणि गठ्ठ्यावर ठेवला.

“ठावं हाय मला.”

“फोटोवरून कळलं ना?”

“न्हाई रं. आदीपासनं ठावं हाय.”

मी डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं.

“पत्र मी वाचून दावतो तिला. ती चुलीपाशी बसती, मी उंबऱ्यात. ती इचारायची, पोरगं एकलंच हाय का तिकडं? जेवतंय कुणासंगं? आता पत्रात जे असायचं ते तिला कसं वाचू? तर एकदा त्यानं तुझं नाव लिवलं. मी म्हटलं, अगं, सुहास हाय की त्याच्यासंगं. तिचं तोंड असं फुललं. मग दर पत्राला मी वाढवत गेलो. सुहासनं त्याला हे दिलं, दोघं मिळून अंकाचं काम करत्यात. जे न्हवतं तेच वाचत बसलो. तो गेल्यावर तिला तेवढाच आधार हाय. म्हणती, तिकडं माझ्या लेकराला एक तरी होता. तुझ्या नावावर मी लई खोटं बोललोय बाबा. तेवढं मनात धरू नगंस.”

मी पुन्हा भाकरी उचलली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी दुसरी पुढे केली.

पाचच्या सुमारास शेवटचा अंक झाला. काकांनी तो स्वतःच्या पिशवीत ठेवला, मग परत काढला, पान सात उघडून पुन्हा एकदा बघितलं आणि मिटला. जतची गाडी सहाला होती. चपला घालता घालता त्यांनी खिशातून एक निळं आंतर्देशीय पत्र काढलं.

“हे त्याचं शेवटचं. ह्यात खरं काय हाय ते एकदा तूच वाच. घरात ठिवलं नि तिनं कुणाकडनं वाचून घेतलं तर फुकटचा घोर. तुझ्यापाशी राहू दे.”

“काका, मी आईंना पत्र लिहू का? त्याच्याबद्दल?”

“लिव की,” ते म्हणाले. “मीच वाचणार हाय. काय लिवशील ते मी नीट वाचीन.”

ते गेले. मी खोलीत बसून पत्र उघडलं. अक्षर बारीक, सरळ रेषेत, समास सोडून लिहिलेलं. तब्येत बरी आहे, भूक लागत नाही, पैसे नकोत. आणि मग खाली हे:

‘वार्षिक अंकाचं काम करणारा सुहास आहे ना, मागे लिहिलं होतं. वेंगुर्ल्याचा. मेसमध्ये भिंतीकडे तोंड करून जेवतो. मासे नसतात म्हणून त्याला भाजी जात नाही. चालताना स्वतःशीच काहीतरी मोजत असतो. त्यालाही कुणी नसावं असं वाटतं. आज त्याच्याकडे काम मागायला गेलो होतो. माझं अक्षर चांगलं आहे, उपयोग होईल. पण खोलीला आतून कडी होती. वाजवणार होतो, मग वाटलं तो कामात असेल, त्रास कशाला द्यायचा. बाहेर थोडा वेळ थांबून परत आलो. पुढच्या आठवड्यात नक्की वाजवतो. आईला मी एकटा असतो हे वाचू नका.’

मला वाटत होतं त्या गावात मला कुणी ओळखत नाही.

पत्रावरची तारीख मी पुन्हा पुन्हा पाहिली. नऊ जानेवारी. जानेवारीत अंकाचं काम सुरूच झालेलं नव्हतं. मजकूर फेब्रुवारीत आला. तोवर मी रोज चार वाजता खोली उघडायचो, आतून कडी लावायचो आणि सातपर्यंत नुसता बसून राहायचो.